न दिसणारी बाजू

माणूस विचार करतो, बोलतो, प्रार्थना करतो. त्याचप्रमाणे तो वस्तूही घडवतो. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत पहिल्या तीन गोष्टींना जेवढी पाने मिळाली, तेवढी चौथीच्या वाट्याला आली नाहीत. ज्यांच्या हातांना घट्टे पडले होते त्यांना लेखणी उचलायला सवड नव्हती आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांना घट्ट्यांचा अनुभव नव्हता, हे त्याचे एक कारण असावे. त्यामुळे नीतीचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर खरे-खोटे, चोरी, न्यायदान, युद्ध असे विषय उभे राहतात. लेथवर फिरणारा पोलादाचा तुकडा काही डोळ्यांसमोर येत नाही. वास्तविक सदसद्विवेकाचा एक फार जुना प्रश्न त्या तुकड्यात जितक्या स्वच्छपणे पाहता येतो, तितका तो क्वचितच इतरत्र दिसतो. तो प्रश्न असा: ज्या कामाची तपासणी दुसरे कोणी करणार नाही, ते काम चांगले करण्याचे बंधन माणसावर कुठून येते?

पडवीतला कारखाना

मोटारसायकलचे सुटे भाग घरच्या घरी घडवणारी माणसे जगभर आहेत. पडवीत, गॅरेजमध्ये, रिकाम्या झालेल्या गोठ्यात एखादा जुना लेथ, ड्रिल मशीन, वेल्डिंगचा संच, भिंतीवर ओळीने लावलेल्या कानशी आणि मापे घेण्यासाठी व्हर्निअर, एवढ्या सामग्रीवर त्यांचे काम चालते. कोणाला आपली गाडी इतरांपेक्षा वेगळी हवी असते, कोणाला अधिक वेग हवा असतो. पण पुष्कळांच्या मागे अगदी साधी गरज असते. आपल्याकडे म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी येझदी १९९६ साली बंद पडली. तोवर हजारो गाड्या रस्त्यावर होत्या. वडिलांची गाडी भंगारात घालायला मन घेत नाही आणि बाजारात तिचा बुश मिळत नाही, अशा वेळी मुलगा लेथवाल्याकडे जातो किंवा स्वतःच लेथ शिकतो. पुढे त्या नावाच्या नव्या गाड्या बाजारात आल्या. पण नव्या गाडीचा भाग जुन्या गाडीला बसत नाही. म्हणून पडवीतला कारखाना चालूच राहिला.

मोठ्या कारखान्यात आणि ह्या पडवीत मुख्य भेद यंत्रांचा नाही. कारखान्यात धातू निवडणारा एक, कापणारा दुसरा, तपासणारा तिसरा आणि पसंतीचा शिक्का मारणारा चौथा असतो. पडवीत हे चौघेही एकाच माणसाच्या ठायी असतात. स्वतःच्या खटल्यात कोणीही स्वतःच न्यायाधीश होऊ नये, असे न्यायशास्त्र सांगते. घरी भाग घडवणाऱ्याला मात्र दर वेळी नेमके तेच करावे लागते. तीन आठवडे खपून केलेला भाग हाती धरून तो ‘पास’ की ‘नापास’ हे त्याने एकट्यानेच ठरवायचे असते. आपल्या श्रमांवरची ममता त्या वेळी त्याच्या कानाशी कुजबुजत असते.

गतिदेवतेची फळी

ह्या विषयावर बोलताना बर्ट मन्रो ह्या माणसाला वगळून पुढे जाता येणार नाही. १८९९ साली जन्मलेले मन्रो न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिल गावचे. मोटारसायकली विकणे हा त्यांचा व्यवसाय होता. १९२० साली त्यांनी ‘इंडियन स्काउट’ ह्या अमेरिकन बनावटीची ६०० सीसीची मोटारसायकल घेतली. तिचा मूळ वेग ताशी सुमारे ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर होता. त्यानंतरची सुमारे पाच दशके मन्रो ती एकच गाडी सुधारत राहिले. हाताशी पैसा नव्हता आणि हवे ते भाग कोणी तयार करीत नव्हते; म्हणून त्यांनी ते स्वतः घडवले. जुन्या डब्यांचे साचे करून त्यांत पिस्टन ओतले. ट्रॅक्टरच्या जुन्या आसाचे पोलाद कापून, तासून, तापवून आणि पाणी देऊन त्यातून कनेक्टिंग रॉड काढले. सिलिंडर, फ्लायव्हील आणि तेल पोचवण्याची योजना हे सारे एका लहानशा शेडमध्ये तयार झाले. त्या शेडमध्येच ते राहत असत.

१९६७ साली वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, सत्तेचाळीस वर्षे जुन्या त्या गाडीवर, अमेरिकेतील युटा राज्याच्या बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर त्यांनी हजार सीसीखालील गाड्यांच्या गटात विक्रम केला. वेग होता ताशी सुमारे २९६ किलोमीटर. मूळ वेगाच्या तिपटीहून अधिक. ह्या वेगाने माणूस एका सेकंदात ८२ मीटर अंतर कापतो. २००५ साली त्यांच्यावर ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा चित्रपट निघाला, तो आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल.

मला मात्र त्या विक्रमापेक्षा त्यांच्या शेडमधली एक फळी अधिक विचार करायला लावते. गाडीचे जे भाग तुटले, वितळले, फुटले ते मन्रो फेकून देत नसत. ते त्या फळीवर मांडून ठेवीत आणि ‘गतिदेवतेला वाहिलेली अर्पणे’ अशा अर्थाची पाटी तिथे होती. एका धर्मगुरूने ह्या शब्दांवर नाक मुरडावे अशी कोणाची अपेक्षा असेल, तर तिची पूर्तता मी करणार नाही. मन्रो थट्टेखोर होते आणि पाटी थट्टेची होती. परंतु त्या थट्टेच्या आड एक गंभीर आचरण होते. त्या फळीवर त्यांच्या हातचा प्रत्येक पराभव मांडलेला होता. घरात येणाऱ्या पाहुण्याला आपण बक्षिसे, प्रमाणपत्रे, सत्काराच्या शाली दाखवतो. हा माणूस मोडलेले पिस्टन दाखवीत होता. ज्याचे काम दुसरे कोणी तपासत नाही, त्याने स्वतःसाठी उभा केलेला तो तपासनीस होता. हे इथे तुटले, ह्या वेळी तुटले, आणि हे मी केले होते, असे ती फळी त्यांना रोज सांगत असे.

पोलादाचे मौन

तुटलेल्या भागाला एवढे महत्त्व का द्यायचे, हे कळण्यासाठी धातूचा स्वभाव थोडा जाणून घ्यावा लागतो.

दोरी फार ओझे लावले की तुटते, तसाच धातूही तुटतो, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि त्या अपघातात पन्नासाहून अधिक माणसे दगावली. दुसऱ्याच वर्षी विल्यम रँकिन ह्या स्कॉटिश अभियंत्याने अशा मोडलेल्या आसांविषयी महत्त्वाचे निरीक्षण मांडले. जिथे आसाची जाडी एकदम बदलते, त्या काटकोनी कोपऱ्यात तडा जन्म घेतो. तेव्हा तिथे कोपरा न ठेवता हळुवार गोलाई ठेवावी, असे त्याने सुचवले. पुढे ऑगस्ट व्योलर ह्या जर्मन रेल्वे अभियंत्याने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की, एकदा दिल्यास पोलाद सहज पेलेल असे ओझे लाखो वेळा आलटूनपालटून दिले, तर तेच पोलाद मोडू शकते. अभियंते ह्याला धातूचा थकवा म्हणतात.

मोटारसायकलच्या इंजिनात हा थकवा क्षणोक्षणी कामाला लागलेला असतो. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी इंजिन चालत असेल, तर कनेक्टिंग रॉड तासाभरात ३,६०,००० वेळा ताणला आणि दाबला जातो. शंभर तासांत ही संख्या तीन कोटी साठ लाखांवर जाते. लेथच्या टूलने सोडलेला एखादा खोल ओरखडा, कंटाळा आल्यामुळे कानशीने पुसायचा राहिलेला एखादा काटकोन, वेल्डिंगमध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा, ह्यांपैकी काहीही पहिल्या दिवशी तक्रार करीत नाही. पहिल्या महिन्यातही करीत नाही. भाग चकचकीत दिसतो, मापात बसतो, गाडी धावते, मित्र पाठ थोपटतात. आत एक तडा केसाच्या जाडीने पुढे सरकत असतो. अॅल्युमिनियमचा प्रकार तर आणखी अवघड आहे. पोलादाला निदान एक मर्यादा असते. ताण तिच्याखाली राहिला तर ते सहसा थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. ओझे लहान असले तरी पुरेशा फेऱ्यांनंतर ते हिशेब मागते.

आणि एक दिवस भाग तुटतो. त्या वेळी तुटलेल्या तोंडाकडे जाणत्याने पाहिले, तर त्याला शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकामागोमाग एक वक्र रेघा दिसतात. तडा जिथे जन्मला त्या बिंदूभोवती त्या पसरलेल्या असतात. शेवटचा, एकदम तुटलेला भाग तेवढा खरबरीत असतो. म्हणजे इतके दिवस मुके राहिलेल्या पोलादाने आपली रोजनिशी लिहून ठेवलेली असते आणि तिच्या पहिल्या पानावर बहुधा घडवणाऱ्याच्या हातचा तो न पुसलेला कोपराच असतो.

धातूची खुशामत करता येत नाही, म्हणून कारागीर आपोआप प्रामाणिक होतो, असे काही विचारवंत मानतात. भाषणात, राजकारणात, अगदी प्रवचनातसुद्धा लबाडी खपून जाते, पण लेथवर ती खपत नाही, असा त्यांचा आशय. हे विधान ऐकायला गोड आहे. पण धातू उत्तर देतो तेव्हा फार उशीर झालेला असतो, ही गोष्ट त्यात सुटून जाते. मधल्या काळात तो मौन पाळतो. लबाडीला जागा मिळते ती ह्याच मौनात, आणि माणसाची परीक्षाही तिथेच होते.

कला आणि न्याय

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत अॅरिस्टॉटल आणि संत थॉमस अक्विनास ह्यांचे नीतिशास्त्र तासून तासून शिकवले जात असे. त्या दोघांनी ‘करणे’ आणि ‘घडवणे’ ह्यांत एक भेद केला आहे. माणूस कसे वागतो हा करण्याचा प्रांत. तिथे विवेक हा सद्गुण लागतो. माणूस काय निर्माण करतो हा घडवण्याचा प्रांत. तिथे कौशल्य लागते. कारागिराची थोरवी त्याच्या हेतूवर ठरत नाही, ती घडलेल्या वस्तूवर ठरते, असे थॉमस म्हणतात. आणि अॅरिस्टॉटलने त्याच्याही पुढचे एक चमत्कारिक वाटणारे विधान केले आहे. कौशल्याच्या प्रांतात जाणूनबुजून चुकणारा हा नकळत चुकणाऱ्यापेक्षा सरस होय; विवेकाच्या प्रांतात मात्र नेमके उलटे आहे. मुद्दाम बेसूर गाणाऱ्याला सूर ठाऊक असतो. मुद्दाम अन्याय करणाऱ्याच्या ज्ञानाचे मात्र कौतुक करता येत नाही.

हा भेद पडवीतल्या कारखान्यात आणून पाहू या. त्याचा पहिला भाग कठोर आहे, पण मान्य करावाच लागतो. हेतू चांगला असला म्हणून वेल्डिंगचा जोड मजबूत होत नाही. मित्रावरच्या प्रेमापोटी, एक पैसा न घेता, मन लावून केलेला ब्रेकचा दांडा चुकीच्या पोलादाचा असेल, तर तो मोडेलच. आपल्या समाजात प्रेमाने केलेल्या कामाला सगळे माफ असते. ‘बिचाऱ्याने मनापासून केले’ असे आपण म्हणतो. चाक ही भाषा जाणत नाही. म्हणून दुसऱ्याच्या जिवाशी संबंध असलेले काम हाती घेणाऱ्याने ते आधी शिकून घेणे हा केवळ तंत्राचा प्रश्न उरत नाही. अज्ञान दूर करणे शक्य असताना ते तसेच ठेवणे हाही दोषच आहे.

दुसऱ्या भागात मात्र एक अडचण आहे. कौशल्य जर केवळ वस्तूशीच बांधलेले असेल, तर उत्तम कारागीर आणि चांगला माणूस ह्यांचा परस्परांशी संबंध काय? उत्कृष्ट हात असलेला माणूस वाईट काम करूच शकतो. किंबहुना त्याला ते अधिक बेमालूमपणे करता येते. फुटलेल्या भागावर वेल्डिंग करून, घासून, रंग लावून तो नवा आहे असे भासवायलाही कसबच लागते. थॉमस ह्यांना ही अडचण ठाऊक होती. त्यांचे उत्तर दोन-चार ओळींचेच आहे, पण मला ते मोलाचे वाटते. कौशल्य माणसाला चांगले काम करण्याचे सामर्थ्य देते. त्या सामर्थ्याचा चांगला वापर करण्यासाठी मात्र सरळ झालेली इच्छा लागते. कारागिराला आपले काम इमानाने करायला लावतो तो न्याय हा सद्गुण, असा त्यांचा आशय आहे.

इथे त्यांनी न्यायाचे नाव घेतले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कामावरचे प्रेम, निर्मितीचा आनंद, परिपूर्णतेचा ध्यास, ह्यांपैकी कशाचेही नाव त्यांनी घेतलेले नाही. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे. तेव्हा तो न पुसलेला कोपरा पुसायचा तो माझ्या समाधानासाठी नाही. त्या गाडीवर जो बसणार आहे त्याचे ते माझ्याकडे असलेले देणे आहे. त्याला ते ठाऊक नाही, तो कधी विचारणारही नाही. देणे त्यामुळे फिटत नाही.

दुसऱ्याचे वजन

मन्रो स्वतःच्या गाडीवर स्वतः बसत. त्यांचा रॉड तुटला तर जीव त्यांचाच जाणार होता. स्वतःचा जीव तरी सर्वस्वी स्वतःच्या मालकीचा असतो का, हा प्रश्न उरतोच. आपला जीव ही आपल्याला मिळालेली ठेव आहे असे मानणाऱ्याला तो टाळता येत नाही. तरीही स्वतः घडवलेल्या वस्तूवर स्वतः बसणाऱ्याच्या वर्तनात एक सरळपणा आहे. त्याचे बोलणे आणि त्याचे वजन एकाच ठिकाणी असते.

त्याच देशाच्या क्राइस्टचर्च शहरातील जॉन ब्रिटन ह्यांची गोष्ट वेगळी आहे. १९५० साली जन्मलेल्या ह्या कल्पक माणसाने काही मित्रांना हाताशी धरून घरच्या कार्यशाळेत शर्यतीची एक संपूर्ण मोटारसायकल उभी केली. इंजिन स्वतःचे, कार्बन फायबरची चाके स्वतः केलेली. इंजिनाचे भाग तापवायला त्यांनी पत्नीची मातीची भांडी भाजण्याची भट्टी वापरली. १९९१ साली अमेरिकेतील डेटोना येथे ती गाडी आपल्या गटात दुसरी आली आणि बलाढ्य कारखान्यांचे अभियंते थक्क झाले. अशा मोजून दहा गाड्या तयार झाल्या. १९९५ साली कर्करोगाने ब्रिटन गेले, तेव्हा ते अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते.

त्यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९९४ साली, आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतीच्या सरावात ब्रिटन ह्यांच्या गाडीवर स्वार झालेला एक अनुभवी शर्यतपटू अपघातात मरण पावला. त्या अपघाताच्या कारणांत मी शिरत नाही. तो रस्ता मुळातच जीवघेणा आहे आणि स्वार तो जाणून होता. मला एवढेच म्हणायचे आहे की, कारणाचा कौल काहीही लागो, आपल्या हातांनी घडवलेल्या यंत्रावर बसून गेलेला माणूस परत आला नाही, ही बातमी ज्याच्या कानी पडते त्याचे जग पूर्वीसारखे राहत नाही. आपण घडवलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देतो, त्या क्षणी आपल्या कामावर दुसऱ्याचे वजन येते. ते पेलायची तयारी नसेल, तर वस्तू देऊ नये.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी घरामागच्या गोठ्यात लेथ बसवला. जुन्या गाड्यांचे बुश, पिना, पायटे असे किरकोळ काम ते करतात. एकदा एक तरुण पुढच्या चाकाला हँडलशी जोडणारा भाग घेऊन आला. त्याला तडा गेलेला होता. मी त्या वेळी सहज म्हणून तिथे बसलो होतो.

“काका, एवढे वेल्डिंग मारून द्या. घासून रंग मी लावीन, दिसणार पण नाही.”

“दिसणार नाही, म्हणून तर नको,” ते म्हणाले. “बाबा, तुझ्या मागे उद्या बायको बसेल, पुढे टाकीवर पोर बसेल. हा ओतीव भाग आहे. वरून जोड धरेल, आत काय झाले ते मलाही कळायचे नाही.”

तरुण नाराज होऊन गेला. त्याने ते काम दुसरीकडे करून घेतले, असे चार दिवसांनी कळले. गृहस्थांनी काम नाकारले होते. त्यांचा हात स्वच्छ होता. पण त्यांचे समाधान झाले नाही. रविवारी मिस्सा आटोपल्यावर ते त्या तरुणाच्या वडिलांना गाठून सर्व सांगून आले. वडिलांना ते फारसे रुचले नाही. पुढे तो भाग बदलला की नाही, हे त्यांना आजतागायत ठाऊक नाही. ती गाडी घरासमोरून गेली की त्यांची नजर पुढच्या चाकाकडे जाते.

ज्ञानाबरोबर येणारे देणे असे असते. ज्याला तडा दिसला त्याला तो न दिसल्यासारखे करता येत नाही. ‘मी केले नाही’ एवढ्यावर न्यायाची मागणी संपते की ‘मी सांगितले’ इथपर्यंत ती जाते? मला दुसरे उत्तर खरे वाटते. मात्र त्याची किंमत सांगणाऱ्यालाच मोजावी लागते, आणि तिची पावती मिळत नाही.

शेजाऱ्याची झोप

घरी घडवलेल्या भागांत असाही एक प्रकार असतो, जो मोडत नाही, मापात चोख असतो आणि तरीही अन्याय करतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी आवाज वाढवणारे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोड रोलर फिरवला, ही दृश्ये वर्तमानपत्रांत आपण पाहिली आहेत. त्या ढिगात काही नळकांडी खरोखर सुंदर वाकवलेली, सुबक जोडलेली असतील. घडवण्याच्या प्रांतात त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. पण मध्यरात्री त्या आवाजाने दचकून उठणारी तान्ही मुले आणि खाटेला खिळलेले म्हातारे त्या गुणपत्रिकेत कुठेच नसतात.

कायद्यानेही ह्या क्षेत्राला कुंपण घातले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. कल्पक तरुणांना हे जाचक वाटते आणि त्यांच्या तक्रारीत काही तथ्य आहे. मन्रो आणि ब्रिटन ह्यांना आपल्या रस्त्यावर वाव मिळाला नसता. परंतु त्यांनी आपले वेगाचे वेड मिठाच्या मैदानावर आणि शर्यतीच्या मार्गावर नेले होते, हेही विसरून चालणार नाही. रस्ता हा सर्वांचा असतो. तिथे येणाऱ्या प्रत्येक यंत्राने ‘मी काय करू शकतो’ एवढेच सांगून भागत नाही. ‘मी कोणाला काय लागतो’ हेही सांगावे लागते. कायदा त्यातले थोडेसेच पकडू शकतो. आवाज त्याला मोजता येतो. रंगाखालचा तडा त्याला दिसत नाही.

खडू आणि रॉकेल

जुन्या रेल्वे कार्यशाळांत तडा शोधण्याची एक साधी रीत होती. भाग तेलात किंवा रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, मग कोरडा पुसायचा आणि त्यावर खडूची पांढरी पूड फासायची. तडा असेल तर आत शिरलेले तेल हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्यावर एक काळपट रेघ उमटते. आता त्यासाठी लाल रंगाचे द्रव डब्यांतून विकत मिळतात, पण तत्त्व तेच आहे. ह्या कसोटीला खर्च जवळजवळ नाही. तिला एकच गोष्ट लागते: तडा सापडावा अशी खरी इच्छा. आपल्या बाजारहाट करणाऱ्या बाया मडके विकत घेताना टिचकी मारून वाजवून पाहतात, त्यात हीच इच्छा असते. फरक एवढाच की त्या दुसऱ्याचे मडके वाजवतात. इथे आपले स्वतःचे वाजवायचे असते.

बायबलमधील बेन सिराच्या ग्रंथात नांगरधारी, मुद्रा कोरणारा, लोहार आणि कुंभार ह्यांचे वर्णन आले आहे. भट्टीच्या झळा सोसत, घणाचा आवाज कानांत घुमत असता नमुन्यावर डोळा खिळवून बसलेला लोहार तिथे आपल्याला भेटतो. अशी माणसे सभेत मानाच्या जागी बसत नाहीत, न्यायनिवाडे करीत नाहीत. पण जगाची वीण तीच सांभाळतात आणि त्यांची प्रार्थना त्यांच्या कामातच असते, असा त्या उताऱ्याचा आशय आहे. कामात प्रार्थना आहे, ह्या म्हणण्याचा अर्थ हात चालवताना ओठांनी नामस्मरण करावे एवढाच मला वाटत नाही. प्रार्थनेत माणूस अशा एकाच्या समोर उभा असतो, ज्याच्यापासून आपली न दिसणारी बाजू लपवता येत नाही. लोहार शेवटचा हात फिरवतो तो भागाच्या आतल्या कडेवरून. ती कडा जोडणी झाल्यावर कोणालाही दिसणार नसते. तिथे त्याचा हात थांबला नाही, तर तो प्रार्थना करतो आहे असे खुशाल समजावे.

आपल्यापैकी फार थोडे जण लेथवर काम करतात. पण शिक्षकाने न वाचता तपासलेला पेपर, डॉक्टरने घाईत लिहिलेली चिठ्ठी, इमारतीच्या खांबात कमी घातलेली सळई, धर्मगुरूने तयारी न करता दिलेले प्रवचन, ह्या सर्वांवर रंग चांगला बसतो. त्यांचेही तडे पहिल्या दिवशी दिसत नाहीत आणि त्यांच्यावर येणारे वजन बहुतेक वेळा दुसऱ्याचेच असते. काम हातावेगळे करण्यापूर्वी ते एकदा खडू फासून पाहावे. रेघ उमटली तर तो भाग, कितीही दिवस खपलेला असो, फळीवर ठेवावा आणि दुसरा घडवायला घ्यावा.